भोक नसलेली पानं

ताईला किड्यांची भयंकर किळस होती आणि सगळं आयुष्य गेलं नर्सरीत. माणसाची याहून मोठी थट्टा काय करायची! लहानपणी पेरूच्या झाडाखाली बसली असताना वरून एक अळी तिच्या कॉलरमधून थेट पाठीत उतरली होती. हिरवी, गार, लिबलिबीत. ती किंचाळत घरभर पळाली आणि शेवटी भिंतीला पाठ घासून तिने त्या अळीचा चेंदा केला. तो ओला चेंदा कमरेपर्यंत ओघळला होता, आणि पन्नाशी उलटली तरी तो ओघळ तिला मधूनच जाणवायचा. जेवताना जाणवला तर ती हातातला घास खाली ठेवायची.

वडील गेले आणि नर्सरी तिच्या आणि धाकट्या भावाच्या गळ्यात पडली. भावाला सगळी पेठ 'चकाचक' म्हणायची, कारण दर दोन वाक्यांनंतर तो शब्द त्याच्या तोंडी यायचाच, आणि माणूसही तसाच होता. चिखलाच्या धंद्यात राहून कडक इस्त्रीचा शर्ट, खुर्चीवर बसण्याआधी रुमालाने दोन फटके, आणि गिऱ्हाईक यायच्या आत पानांवर तेलाचा हात. त्याची झाडं अशी चमकायची की जिवंत आहेत की प्लास्टिकची हे बोट लावून बघावं लागे. लागवड, माती, खत हे सगळं तो बघायचा. गल्ला, गिऱ्हाईक आणि गोड बोलणं ताईकडे होतं. तो बायको-पोरांसह वरच्या मजल्यावर राहायचा, ताई आणि आई खालच्या मागच्या दोन खोल्यांत.

पूर्वी या नर्सरीत किडीचं राज्य होतं. कोवळ्या शेंड्यांवर मावा असा दाटलेला असायचा की देठ मुळी दिसायचाच नाही, नुसती हलणारी हिरवी साय. त्याची चिकट घाण खालच्या पानांवर ठिबकायची, तिच्यावर काळी बुरशी चढायची आणि बुरशीवरून मुंग्यांची वरात चालायची. जास्वंदीच्या सांध्यांत पिठ्या ढेकूण, कुणीतरी खाकरून थुंकून गेल्यासारखे. ताई चिमट्याने एकेक अळी उचलायची आणि साबणाच्या पाण्यात टाकायची. संध्याकाळपर्यंत त्या बादलीत जे काही साठलेलं असायचं, ते ओतताना ती डोळे मिटून घ्यायची. नाक मात्र मिटता येत नव्हतं.

मग एका वर्षी चकाचकने औषध आणलं. या धंद्यात विषाला औषध म्हणतात, त्यामुळे घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला, दोघांनाही झोप चांगली लागते. राखाडी दाणे होते, बाजरीएवढे. कुंडीच्या मातीत चमचाभर टाकायचे आणि पाणी घालायचं, एवढंच काम. फवारा नाही, वास नाही, तोंडाला फडकं बांधणं नाही. मुळं ते पितात, ते रसाबरोबर वर चढतं, खोडात जातं, पानात जातं, आणि मग पानाला जो तोंड लावेल तो संपला.

"पावसानं धुऊन जात नाही ताई," चकाचक म्हणाला होता. "वरवरचं नाहीच हे. झाडाच्या अंगात मुरतं. आतून चकाचक!"

खोटं कशाला बोला, ताईला तेव्हा स्वर्ग दोन बोटं उरला होता. महिन्याभरात मावा गेला, ढेकूण गेले, अळ्या वाळून कोळसा झाल्या. चिमटा तिने उकिरड्यावर भिरकावला. फक्त एक अट घातली, आणि ती भावाला आईसमोर उभं करून घातली. गुलाब, जास्वंद, क्रोटन, कुंपणाची झुडपं, शोभेचं जे असेल त्याला खुशाल घाल. पण माणसाच्या तोंडात जाणारं जे आहे, त्याच्या कुंडीत हा दाणा पडता कामा नये.

"पडणार नाही," तो म्हणाला. "वेडी आहेस का?"

मग ताईने स्वतःच्या हाताने पाटी रंगवली: 'खाण्याची झाडं. औषध घातलेलं नाही.' ती पाटी पुदिना, मिरची, टोमॅटो, पेरू आणि लिंबाच्या रोपांच्या रांगेत रोवली. गिऱ्हाईक शंका काढू लागलं की ती पाटीकडे बोट करायची आणि वर म्हणायची, "माझी आई खाते इथलं. आणखी काय सांगू?" यावर समोरच्याची बोलतीच बंद व्हायची. पेठेतल्या निम्म्या खिडक्यांत तिच्या शब्दावर वाढलेला पुदिना होता.

आई खायची हे अगदी खरं होतं. तिला कवळी टोचायची, म्हणून कवळी दिवसभर पाण्याच्या पेल्यात पडलेली असायची आणि तोंड मोकळं. तोंडाला वास येतो म्हणून ती गालात सतत पुदिन्याचं पान धरायची. तिच्या खिडकीबाहेरच पुदिन्याच्या कुंड्या लावलेल्या. खाटेवर बसल्या बसल्या ती गजातून हात घालायची, शेंडा खुडायची आणि गालात सारायची. सकाळपासून झोपेपर्यंत तिचा हा चरण्याचा कार्यक्रम चाले. हिरवी लाळ हनुवटीवर यायची. ताई ती पुसायची आणि पुसताना तोंड वळवायची. लेकीला आईची किळस यावी का? यावी की नाही ते जाऊ द्या, यायची. पण त्या बोळक्या तोंडात जे पान जातं ते आपल्या घरचं, स्वच्छ आहे, एवढं एक समाधान तिला होतं.

त्या दिवशी सकाळी कंडक्टर आला.

हा बसमधून निवृत्त झालेला कंडक्टर. आवाज अजून तसाच, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. बायको गेल्यावर त्याने फुलपाखरं वाढवायचा नाद लावून घेतला होता. गच्चीत स्वयंपाकघरातलं जुनं जाळीचं कपाट ठेवलं होतं, त्यात तो लिंबाची पानं घालायचा आणि अळ्या पाळायचा. जगातलं प्रत्येक गिऱ्हाईक अख्खं पान मागतं, आणि हा एकटा, खाल्लेलं पान बघून खूश होणारा. रस्त्यावरचं ज्या झाडाचं पान तो आणायचा ते झाड कापलं गेलं, म्हणून मागच्या आठवड्यात त्याने ताईकडून लिंबाची रोपं नेली होती. "औषध?" त्याने विचारलं होतं. ताईने पाटीकडे बोट केलं होतं आणि 'माझी आई खाते इथलं' हे नेहमीचं वाक्यही टाकलं होतं.

आज त्याच्या हातात जेवणाचा डबा होता. त्याने तो काउंटरवर ठेवला आणि झाकण काढलं.

ताई दोन पावलं मागे सरली. डब्यात अळ्या होत्या. बोटाएवढ्या लठ्ठ, कधीकाळी हिरव्या असलेल्या. आता त्यांचा रंग नासलेल्या भाजीसारखा झाला होता. काही मागच्या पायांनी काडीला धरून डोकं खाली टाकून लोंबत होत्या, आणि प्रत्येकीच्या तोंडातून काळपट हिरवा रस गळून खालच्या कागदावर पसरला होता. काही त्याच रसात चिकटल्या होत्या. एक अजून मेली नव्हती. तिची मान थरथरायची, थांबायची, पुन्हा थरथरायची. आंबट, कुजकट वास वर आला आणि ताईने नाकाला पदर लावला.

"झाकण लावा! लावा आधी!"

"लावतो. आधी बघा," कंडक्टर म्हणाला. "तुमच्या रोपांची पानं घातली आणि दुसऱ्या दिवशी ही अवस्था."

"तुमच्या कपाटातच काहीतरी असेल. मुंग्यांची पूड, नाहीतर फिनेल."

"कपाट मी पाण्यानं पुसतो. त्याच कपाटातून आजवर किती उडाली त्याचा हिशेब नाही. बदललं ते फक्त पान."

"कंडक्टरसाहेब, पाटी मी स्वतः लिहिली आहे. माझी आई खाते इथलं. मी माझ्या आईला विष घालीन का?"

तो भांडायला आलेला नव्हता. भांडला असता तर तिला सोपं गेलं असतं. "तसं मी म्हणतच नाही ताई," तो म्हणाला. "घातलं की नाही, एवढंच सांगा. घातलं नसेल तर चूक माझी कुठंतरी आहे, मी शोधतो. माझ्याकडे अजून थोडी पोरं आहेत, उपाशी ठेवलीयत कालपासून. त्यांना काय घालू?"

"नाही घातलं," ताई ठासून म्हणाली.

"बरं." त्याने मान हलवली आणि निघाला. डबा तिथेच राहिला.

"अहो, हे घेऊन जा!"

"राहू दे. तुमच्याकडे माती आहे, पुरून टाका," तो फाटकातून म्हणाला. "मला गच्चीत कुठं पुरायला जागा!"

माणूस गेला आणि डबा उरला. ताईने लांबूनच काठीने झाकण डब्यावर ढकललं. मग हात धुतले. मग पुन्हा धुतले. नाही घातलं, असं आपण केवढ्या मोठ्याने म्हणालो! आणि बघितलं कधी होतं? तिच्या मनात हे आलं आणि ते काही केल्या जाईना. ती लिंबाच्या रांगेकडे गेली.

सरळ गोष्ट होती. ज्या झाडात औषध नाही त्यावर कीड असणारच. ज्यावर अळी नाही असं लिंबाचं झाड तिने लहानपणापासून पाहिलेलं नव्हतं. ती वाकली आणि पानं उलटून बघू लागली. जन्मात पहिल्यांदा ती बाई अळी सापडावी म्हणून शोधत होती. वर चमक, खाली चमक. दुसरं रोप, तिसरं रोप. कोवळ्या पानावर अळीने पोखरल्याची नागमोडी पांढरी रेघसुद्धा नाही. एक कुरतडलेली कड नाही, एक भोक नाही. लिंबाच्या एका फुलाखाली मधमाशी उताणी पडली होती आणि एक पाय हवेत हलवत होती.

ती मिरचीकडे गेली. मिरचीवर मावा नाही हे कसं शक्य आहे? टोमॅटोवर पांढरी माशी नाही? कुंडी हलवली की धुरळा उडायचा माश्यांचा, ताई तोंडावर पदर घेऊन पळायची. आज तिने कुंडी गदगदा हलवली. काही उडालं नाही. पेरूच्या पानामागे ढेकूण नाही. पुदिन्याच्या कुंडीत तिने बोटांनी फांद्या बाजूला केल्या तर बुंध्याशी मेलेल्या मुंग्या साचलेल्या, चहाच्या चोथ्यासारख्या.

इतके दिवस हीच रांग बघून तिची छाती फुगायची. काय हात आहे माझ्या भावाचा, औषधाशिवाय बघा कशी ठेवतो, असं ती लोकांना सांगायची. आणि आता ती चकचकीत, कोरी, एकाही तोंडाचा डाग नसलेली पानं बघून तिला जी शिसारी आली, तशी बादलीभर अळ्या बघून कधी आली नव्हती. अळी निदान दिसते तरी. ही पानं तर गोड हसून उभी होती.

ती मागच्या शेडकडे निघाली. शेडमध्ये ती सहसा पाय ठेवत नसे. तिथे शेणखताचा ढीग होता आणि त्या खतात अंगठ्याएवढ्या पांढऱ्या हुमण्या असायच्या, अर्धचंद्रासारख्या वळलेल्या, कातडीतून आतली घाण दिसणाऱ्या. एकदा बघून तिने कानाला खडा लावला होता. माती भावाकडे, ती बाजू भावाची. तिला ते सोयीचं होतं, आणि त्यालाही किती सोयीचं होतं हे तिला आज कळायचं होतं.

चकाचक शेडमध्येच होता. हातात रबरी मोजे, पायात बूट, शर्टवर मात्र सुरकुती नाही. समोर मातीचा मोठा ढीग होता. माती, खत, नारळाचा भुसा. त्याच ढिगावर तो पोत्यातून राखाडी दाणे भुरभुरवत होता, आणि भुरभुरवून झालं की फावड्याने खालीवर करत होता. त्याला शीळ घालायचीही सवय होती, तीही चालू होती.

ताई दारातच उभी राहिली. या ढिगातून नर्सरीतली प्रत्येक कुंडी भरली जाते. गुलाबाची आणि पुदिन्याचीही.

"हे काय करतोयस?"

तो दचकला. मग हसला. "अगं, तू इकडे कशी? हुमण्या आहेत बरं का. नाहीत म्हणा आता."

"हे तू ढिगात घालतोस?"

"मग? एकेका कुंडीत चमचा चमचा कोण घालत बसणार? कंबर मोडते. ढिगात एकदा मिसळलं की काम संपलं."

"आणि खाण्याच्या झाडांची माती?"

त्याने फावडं टेकवलं. "ढीग एकच आहे ताई. दोन दोन ढीग करायला जागा कुठं आहे आपल्याकडे?"

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "मला शब्द दिला होतास! आईसमोर!"

"मी काय म्हणालो होतो? कुंडीत घालणार नाही. कुंडीत कुठं घालतो मी?"

हे तो खरोखर म्हणाला. तोंडावरची रेघ न हलवता म्हणाला, आणि वर जरा कौतुकाची अपेक्षा असल्यासारखं बघितलं. ताईला वाटलं, याच्या अंगावर ओकावं.

"कधीपासून?"

"अगं, जाऊ दे ना. थोडंसंच असतं. एवढ्या ढिगाला एवढुसं. आणि लोक धुऊन खातात की."

"धुऊन? आत मुरलेलं धुऊन कसं निघेल? पावसानं धुऊन जात नाही, हे गिऱ्हाइकाला कोण सांगतं? तूच ना?"

"ते किडीचं झालं. माणसाचं वजन किती, अळीचं किती! कुणाला काही झालंय का आजवर? आईला झालंय का? ठणठणीत आहे. रोज खाते."

"रोज खाते, हे तुला माहीत होतं," ताई म्हणाली.

मोजा काढून त्याने बाहीवरचा न दिसणारा कण झटकला. मग वरच्या मजल्यावर हे लोक काय खातात, असा प्रश्न तेव्हा ताईच्या डोक्यात आला, आणि तो त्याला विचारण्यात अर्थ नाही हेही त्याच क्षणी कळलं. ती वळली आणि जिना चढली. मागून तो "ताई, ऐक तरी," म्हणत राहिला.

वरच्या स्वयंपाकघरात भावजय ओट्याशी उभी होती. ओटा पुसलेला, डबे ओळीत, सगळं कसं आरशासारखं. खिडकीशी पाण्याच्या ग्लासात पुदिन्याची जुडी ठेवली होती. रबर लावलेली, बाजारची. पानं बारीक, कडा खाल्लेल्या, देठ चिखलाचे. शेजारी पिशवीत बाजारचीच लिंबं.

"खाली एवढा पुदिना असताना बाजारातून आणतेस?" ताईने विचारलं.

भावजय गोंधळली. "हेच आणतात. खालचा घ्यायचा नाही म्हणाले होते."

"कधी म्हणाला?"

"झाले की बरेच दिवस. मागच्या उन्हाळ्यात असेल." मग ती म्हणाली, "म्हणाले, तो गिऱ्हाइकांचा आहे. असू दे गिऱ्हाइकांना."

"आणि आईला?"

भावजयीने हातातलं फडकं ओट्यावर फिरवायला सुरुवात केली. ओटा आधीच पुसलेला होता. "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल," ती म्हणाली. मान काही तिने वर केली नाही.

ताई खाली उतरली. निष्काळजीपणा वेगळा. विसरला, कंटाळला, ढीग एकच आहे, हे सगळं तिने शिव्या घालून का होईना पोटात घातलं असतं. पण त्याने विचार केला होता. आपलं ताट त्याने अलगद बाजूला काढलं होतं, पोरांचं काढलं होतं, आणि खालच्या खोल्यांतल्या दोन बायकांचं ताट तसंच राहू दिलं होतं. का, तर खाली सांगितलं असतं तर पाटी काढावी लागली असती. सगळ्या उन्हाळ्यात, पावसाळ्यात, थंडीत तो रोज सकाळी आईच्या खिडकीवरून शीळ घालत गेला होता. तिच्या गालात काय आहे ते बघत गेला होता. जाताना "काय आई, चकाचक ना?" असंही विचारत असे. 

मग तिने काउंटरवरचा फोन उचलला आणि कंडक्टरला लावला.

"घातलं होतं," ती म्हणाली.

पलीकडून तो मोठा आवाज अगदी लहान होऊन आला. "बरं झालं सांगितलंत. मी तीच पानं पुन्हा धुऊन घालणार होतो."

"घालू नका. धुऊन जात नाही ते. मला माहीत नव्हतं हो."

"पण तुम्ही तर ठासून सांगितलंत ताई."

"हो," ती म्हणाली. "माझ्या शब्दावर नेलंत, माझाच शब्द खोटा निघाला. ज्यांनी ज्यांनी नेलंय त्यांना आता एकेकाला सांगते."

तिने फोन ठेवला तर चकाचक मागे उभा. चेहरा उतरलेला होता खरा, पण केस विंचरून आला होता.

"कुणाला सांगितलंस? तुला कळतंय का काय करतेयस? उद्या कुत्रं फिरकणार नाही इथं!"

"न फिरकू दे. कुत्रं तरी वाचेल."

"ताई, पुढच्या मालापासून वेगळा ढीग करतो. आईची शपथ."

"आईचं नाव तू घेऊ नकोस."

ती फाटकाकडे गेली, कडी लावली आणि मातीतून पाटी उपटली. मग आईच्या खिडकीकडे निघाली. तो मागे मागे येत होता, हळू आवाजात बोलत होता. आईला सांगू नकोस. या वयात उगाच धसका घेईल. झालं ते झालं, आता कुंड्या गुपचूप हलवू, बाजारची जुडी ठेवू, तिला कळणारही नाही. बोलता बोलता त्याने ताईचा दंड धरला. तो हात गार आणि घामट होता, आणि ताईला एकदम पेरूचं झाड आणि कॉलरमधून उतरलेलं ते लिबलिबीत काहीतरी आठवलं. तिने दंड हिसडून सोडवला.

आई गजाशी बसली होती. गाल फुगलेला, जबडा हळूहळू फिरत होता. हनुवटीवर हिरवा थेंब होता.

ताई तोंड उघडून 'थुंक' म्हणणार होती. पण शेजारी तो उभा होता, कोऱ्या शर्टात, आईकडे बघून गोड हसत. ते हसू बघून तिचा निर्धार बदलला. तिने कुंडीतला भरघोस शेंडा खुडला आणि त्याच्या नाकासमोर धरला.

"खा."

"काय हे ताई!"

"खा की. थोडंसंच असतं."

"काय चाललंय तुमचं?" आतून आई म्हणाली.

"बाळला पुदिना देतेय, आई. घेत नाहीये."

"घे की रे," आई म्हणाली. "चांगला असतो. तोंड स्वच्छ होतं."

"नको आई, आत्ताच चहा झाला."

"मग तर घ्यावाच. चहानं तोंड खराब होतं."

त्याने शेंडा हातात घेतला. दोन बोटांच्या चिमटीत, देठाच्या अगदी टोकाला. इकडे फिरवला, तिकडे फिरवला. हसला. ओठांजवळ नेल्यासारखं केलं आणि परत खाली आणला. "नंतर खातो," तो म्हणाला, आणि मग दुसऱ्या हाताने रुमाल काढून ती दोन बोटं पुसायला लागला. सवयच ती, त्याच्याही लक्षात आलं नसावं.

आई ते बघत होती. तिला कानांनी कमी ऐकू यायचं आणि दात तर नव्हतेच, पण या पोराला तिने लहानाचा मोठा केला होता. तिचा जबडा फिरायचा थांबला.

"काय आहे रे यात?" तिने विचारलं.

त्याने रुमाल खिशात कोंबला. 

"बाळ, मी तुला विचारतेय. काय आहे यात?"

"काही नाही गं आई. चकाचक आहे," तो म्हणाला, पण त्याचा आवाज फाटला.

आईने तोंडात बोट घातलं. गालातून, हिरड्यांमागून, जिभेखालून सगळं खरवडून काढलं. काळपट हिरवा, चावून चोथा झालेला गोळा बोटांवर आला, आणि त्याच्यामागून लाळेची लांब तार. एरवी ताईने तोंड फिरवलं असतं. आज तिने फिरवलं नाही.

"हात पुढे कर," आई म्हणाली.

लहानपणापासून त्या आवाजाला हात पुढे व्हायचा, तसा आताही झाला. आईने गजातून हात घालून तो ओला गोळा त्याच्या पांढऱ्या तळव्यावर ठेवला, आणि पडू नये म्हणून वर दाबला. रस त्याच्या बोटांच्या फटींतून मनगटावर उतरला, तिथून इस्त्रीच्या बाहीत गेला. टाकायचा कुठे, हे त्याला कळेना. तो हात अंगापासून लांब धरून उभा राहिला आणि त्याचे डोळे भरून आले. कशाने भरले ते त्याचं त्याला माहीत.

"चूळ भरायला पाणी द्या कुणीतरी," आई म्हणाली.

तो लगेच वळला. "आणतो आई, मी आणतो."

"तू नको," आई म्हणाली. "तिला आणू दे."